बशीतली रिकामी वर्तुळं

प्रयोगशाळेत बेनाडे मॅडमनी काचेची बशी उजेडात धरली आणि जोतिरामचा चेहरा पडला. त्याच्या शेडमधल्या कोंबड्यांच्या विष्ठेतले जंतू बशीभर सायीसारखे वाढले होते. मध्ये औषधांच्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या, आणि प्रत्येक टिकलीभोवती नुसतं रिकामं वर्तुळ.

"मॅडम, जागोजागी पीक जळालंय की."

मॅडमना हसू आवरेना. "जळू दे, दादा. तिथले जंतू औषधानं मेलेत. गेल्या वर्षी ते टिकलीला खेटून उगवले होते."

गेलं वर्ष तो विसरणार नव्हता. कोंबड्या आजारी पडू नयेत म्हणून तो रोज सकाळी त्यांच्या पाण्यात हीच औषधं कालवायचा, आणि ती पचवून जंतूच निर्ढावले. घरचीच अर्धीकच्ची कोंबडी खाऊन नात जुलाबांनी अंथरुणाला खिळली, तेव्हा एकही औषध लागू पडेना. पोरगी कशीबशी वाचली. त्या दिवसापासून त्यानं पाण्यातलं औषध बंद केलं, आणि बायकोनं घरातली कोंबडी.

"म्हणजे आता खायची?"

"चांगली शिजवून खा. आणि मलाही बोलवा."

त्यानं तिथूनच फोन लावला. "अगं, आपल्या जंतूंना औषध लागू पडायला लागलंय. मॅडम जेवायला येतायत."

पलीकडून बायको म्हणाली, "खोबरं भाजायला घेते," आणि तिच्या मागून नात ओरडली, "तंगडी माझी!"