नवमीचा हार
भोसल्यांच्या काळातली गोष्ट. वणीच्या देशमुखीणबाई तापानं फणफणल्या, म्हणून तसबिरीसाठी त्यांचा शालू नेसून, नथ लेवून दासी राही चिताऱ्यासमोर बसली. चेहरा तेवढा बाईंना बरं वाटल्यावर काढायचा होता. बाई उठल्याच नाहीत. चिताऱ्यानं राहीचाच चेहरा काढला. देशमुख म्हणाले, “असू द्या. लेकराले माय पायजेच.” पुढं दोन वर्षं कपाशी करपली, लमाणांचे तांडे रिकामेच परतले, घरात हसू उरलं ते बाईंच्या चिमुकल्या यमूचं. सवाष्णपणी गेलेल्या बायांच्या श्राद्धाला, अविधवा नवमीला ती तसबिरीसाठी हार घेऊन आली. “राही, माही माय अशीच होती काय व?” जित्या माणसाच्या तसबिरीला हार घातला की त्याचं आयुष्य सरतं, असं राही लहानपणापासून ऐकत आली होती. “अशीच होती, बाळा,” ती म्हणाली. “मंग उचल ना मले!” राहीनं पांडुरंगाचं नाव घेतलं आणि लेकराला तसबिरीपर्यंत उंच धरलं.