एवढी शिल्लक कशाला?

चर्चच्या अंदाजपत्रकातून खजिनदार मावशींनी रंगकाम काढलं, नव्या खुर्च्या काढल्या आणि शेवटी बैठकीच्या चहावरही काट मारली.

"आता चहासुद्धा?" सुतार वैतागला. "एवढी शिल्लक टाकून करायचंय काय?"

"तुमच्या दुकानातल्या एका शवपेटीपुरते पैसे कायम हवेत, भाऊ."

"का? कोणी गिऱ्हाईक आहे नजरेत?" सगळे हसले.

मावशी हसल्या नाहीत. "चाळीस वर्षं आपली घंटा वाजवणारा माणूस गेला, तेव्हा चर्चकडे दमडी नव्हती. आठवतंय?"

"आठवतंय की. पेटीसाठी मीच वर्गणीची थाळी फिरवली. सगळ्यांनी दिले."

मावशींनी चहावरची काट पुन्हा गिरवली. "हो. फिरवता फिरवता माझ्यापुढेही धरलीत. नवऱ्याच्या पेटीसाठी मीसुद्धा सुटे पैसे टाकले."