धर्मराजने घातलेलं कुलूप

मच्छिंद्रने दुसऱ्यांदा नाव टाईप केलं आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. पासवर्ड चुकीचा आहे.

"ताई, लेकीचं झालं, गावाचं झालं. तुमचं नाव टाकून बघू का?"

नंदाने मान हलवली. त्याने 'नंदा' टाकलं, मग 'नंदाबाई' टाकून पाहिलं. दोन्ही चाललं नाही. नंदाला ते लागलंच.

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर मच्छिंद्रचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. नंदा सकाळच्या जीपने तीर्थपुरीहून आली होती, लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन. तिचा नवरा धर्मराज हायस्कुलात मास्तर होता. हे जड मशीन त्याने औरंगाबादहून कुणाचं तरी वापरलेलं आणलं होतं. त्याची बॅटरी कधीच गेली होती, वायर लावली तरच ते चालायचं.

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत धर्मराज छातीत कळ येऊन गेला. लेक जालन्याला वसतिगृहात होती. घरात नंदा आणि सासू साळूबाई, दोघीच उरल्या. पेन्शनच्या कागदांवर नंदाने सह्या केल्या, साळूबाईंनी अंगठे दिले. नंदाची अंगणवाडीची नोकरी होती, त्यामुळे दिवस निघत होते.

आठ महिन्यांनी लेकीने वडिलांचा स्नेहसंमेलनातला फोटो मागितला. नंदाने पहिल्यांदाच लॅपटॉपचं बटण दाबलं, तर त्याने पासवर्ड विचारला. धर्मराज होता तेव्हा लॅपटॉप असलं काही विचारत नसे. बटण दाबलं की उघडायचा. म्हणजे शेवटच्या दिवसांत त्याने मुद्दाम कुलूप घातलं होतं.

मच्छिंद्रला तिने फक्त फोटोचं सांगितलं. बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं. दिवाळीच्या आधी धर्मराज रोज संध्याकाळी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचा. नंदा चहा घेऊन आत गेली की झाकण खाली यायचं. साळूबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, त्याही गप्प व्हायच्या. एकदा तिने विचारलं, तर परीक्षेचं काम आहे म्हणाला. त्याच वर्षी शाळेत एक नवीन बाई रुजू झाल्या होत्या. नंदाने त्यांचं नाव घरात कधी काढलं नाही, पण ते तिच्या मनातून गेलंही नव्हतं.

आज निघताना ती लॅपटॉप गुंडाळत होती, तेव्हा साळूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. धर्मराज गेल्यापासून त्याच रोज ते मशीन पुसायच्या, त्यावर धुळीचा कण बसू द्यायच्या नाहीत.

"उघडलं तर त्यातलं समदं दिसंल का?" त्यांनी विचारलं.

"दिसंल की, आत्याबाई."

"मंग नको नेऊ. पोराची चीज हाय, ऱ्हाऊ दे तशीच."

नंदाने त्यांच्याकडे पाहिलं. साळूबाई खाली बघत होत्या. म्हातारीला सगळं माहीत आहे, नंदाच्या मनाने घेतलं. जीपमध्ये शेजारच्या बाईने दोनदा काही विचारलं, ते तिला ऐकूही आलं नाही.

"असं न्हाई निघायचं," मच्छिंद्र म्हणाला. "सीडी टाकून पासवर्ड पुसून काढतो. आतलं काही जाणार न्हाई, बिलकुल."

अकराला लाईट जाणार होती, त्याआधी उरकायला हवं होतं. त्याने सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. नंदा लाकडी बाकावर पदर मुठीत धरून बसून राहिली. धर्मराजबरोबर तिने सतरा वर्षं संसार केला होता. त्या सतरा वर्षांत तिने त्याचा खिसाही कधी तपासला नव्हता.

अर्ध्या तासाने लॅपटॉप उघडला. फोटो सगळे जागेवर होते. स्नेहसंमेलनातला फोटो मच्छिंद्रने सीडीवर घालून दिला. मग पडद्यावरच्या एका फाईलकडे बोट दाखवून म्हणाला, "ही एक हाय, बिननावाची. बघायची का?"

"भाऊ, जरा चहा सांगता का?" नंदा म्हणाली.

मच्छिंद्र समजला. तो स्वतःच उठून बाहेर गेला.

अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये नंदा माऊस धरायला शिकली होती. तिने फाईल उघडली. पहिल्याच पानावर धर्मराजने लिहिलं होतं:

'पासवर्ड टाकून ठेवला आहे. तो फक्त तुला आणि मला माहीत. नंदाला इतक्यात काही सांगणार नाही, शपथ. तू रोज एक ओळ तरी लिहीत जा. मी वाचत जाईन.'

नंदाने ते दोनदा वाचलं. रडू आलं नाही. झाकण लावावं आणि वाटेत एखाद्या पुलावर जीप थांबवून हे मशीन खाली टाकून द्यावं, असं वाटलं. पण हे कुठवर गेलं होतं, ते तरी कळायला हवं होतं. मधली पानं तिने वाचली नाहीत. भराभर खाली सरकवत ती शेवटच्या पानावर आली.

पानावर कालची तारीख होती.

नंदाचा हात थांबला. काल दिवसभर लॅपटॉप घरातच होता, आतल्या खोलीत. तिने पडद्याजवळ तोंड नेलं आणि तारखेखालच्या ओळी एकेक करून वाचल्या.

'तू जाउन आट महीने झाले. तू वाचनार न्हाई तरी रोज एक वळ लीहते. आज पानी पडलं न्हाई. बाळा तुज्या मायला आता जोडाक्शर बी येतं.'