गाठ साधी आहे

उलव्याच्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण घातला होता, कारण श्यामसुंदरच्या पोटातली नारळाएवढी गाठ कॅन्सरची नव्हती. “साधी आहे, पण आतड्याच्या पडद्यात आहे. तिला पीळ पडला तर जिवावर बेतेल. बुधवारी काढू,” सर्जन म्हणाले होते. घरच्यांनी ‘साधी’ तेवढंच ऐकलं. गुरुजी नेमके बुधवारीच मोकळे होते, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. तिसऱ्या अध्यायाला श्यामसुंदर पाटावर पुढे वाकला. “केवढा भक्तिभाव आहे बघा,” सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. “पोटात पीळ पडलाय गं,” तो बायकोच्या कानाशी पुटपुटला. वैशाली म्हणाली, “गुरुजी, यांना दवाखान्यात न्यायला हवं.” “भरल्या पूजेतून उठू नये, वहिनी. प्रसाद न घेता उठलेल्यांचं काय होतं, ते पुढच्याच अध्यायात आहे. यजमानांच्या हाताला हात लावा.” वैशालीनं लावला. नवऱ्याचा हात गार पडत चालला होता. गुरुजींनी चौथा अध्याय उघडला.