सिद्धम्माची करडगी

स्वामींनी करडगीचं झाकण उघडलं आणि आतून चिंचोका पडला.

गेलेल्या सिद्धम्माला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूची माळ, मांडीवर डावा तळहात उघडा. त्या तळहातावर तिचं लिंग ठेवायचं आणि मग न्यायचं. लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग मातीतही सोबत जातं, अशी लिंगायतांची रीतच आहे. ही चांदीची करडगी त्या लिंगासाठीच. आणि आत चिंचोका!

मघापर्यंत आठवणी निघत होत्या. तिनं अर्ध्या पेठेची बाळंतपणं केली आणि कुणाकडून खणसुद्धा घेतला नाही, असं एकजण सांगत होती. उन्हाळ्यात देवळाच्या वाटेवर ती वाटसरूंना पाणी पाजायची, घागर कधी रिकामी दिसली नाही, असं दुसरी. आईबापामागं तिनंच वाढवलेला नातू गुरप्पा ऐकता ऐकता तीनदा रडला होता. आता सगळ्यांच्या नजरा चिंचोक्यावर होत्या.

"नवं लिंग माझ्या झोळीत आहे," स्वामी म्हणाले. "पण हिचं कुठं गेलं, ते कळल्याशिवाय पुढं कसं जायचं?"

गुरप्पानं चिंचोका उचलला, पाहिला आणि चिडून अंगणात भिरकावला.

"महिनाभर म्हातारीला हात कुनाचा लागत हुता?" गुरप्पाची चुलत आत्या सावित्रम्मा म्हणाली. नाव घ्यायची गरज नव्हती. सिद्धम्माला न्हाऊ घालणं, भरवणं, पूजेला बसवणं, सगळं गुरप्पाची बायको शांतम्माच करत होती. "सहा वर्सं झाली, कूस उजवंना. कुनीतरी सांगितलं असंल, म्हातारीचं लिंग घिऊन ये म्हनून."

आत्याचं बोलणं गुरप्पा एरवी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा. पण संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की जे दिसेल ते वाईटच दिसतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. मघाशी आजीजवळ बसलेली ती आता अंगणाच्या पायरीशी उभी होती. उजवा हात पदराखाली होता. आजीवर एवढा जीव, मग ही रडत का नाही? परवा दार लोटून दोघी काय कुजबुजत होत्या?

तो आत गेला आणि तिची ट्रंक त्यानं जमिनीवर उपडी केली. चार लुगडी, माहेरची सुपारीची डबी, कधीतरी हौसेनं शिवून ठेवलेलं तान्ह्याचं टोपडं. टोपडंही त्यानं उलटं करून झटकलं. शांतम्मा उंबऱ्यातून बघत होती.

लिंग नव्हतं.

"माहेरी पोचवलं असंल," आत्या म्हणाली. "हिला बी तिकडंच पोचीव. माती झाली की आजच."

"पोचवतो," गुरप्पा म्हणाला.

खड्डा तयार झाल्याचं सांगायला आलेला म्हातारा तात्याबा अंगणात उभा राहून हे सगळं ऐकत होता. चाळीस वर्षं तो खड्डे खणत आला होता. त्यानं डोईचं फडकं काढलं.

"सुनंला कशाला बोल लावताय? ते लिंग मी पुरलंय. ह्या हातानं."

कुणी काही बोलायच्या आत तो सांगू लागला.

"सतरा सालच्या प्लेगात गावाबाहेर झोपड्या घातल्या हुत्या. ही रोज तितं पानी पाजायला याची. तुमच्यातलीच एक पोर मेली तितं, पयलटकरीन. जवळ मानूस न्हाय, गळ्यात लिंग न्हाय. सिद्धम्मा म्हनली, रिकाम्या हातानं कशी जाईल ही? आपलं काढलं आन तिच्या हातावर ठिवलं. चिंचंखाली खड्डा हुता. माती लोटून झाल्यावर तितलाच एक चिंचोका उचलून करडगीत टाकला. मला म्हनली, तात्याबा, कुनाला बोलू नगंस."

अकरा वर्षं झाली होती त्याला. अकरा वर्षं ती रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून, तळहातावर पदर धरून पूजा करायची. दुसऱ्याच्या पूजेत डोकवायचं नाही, म्हणून कुणी कधी पाहिलं नव्हतं.

स्वामींनी हातात काढून धरलेलं नवं लिंग परत झोळीत ठेवलं.

"तो चिंचोका आणा," ते म्हणाले.

गुरप्पा अंगणात गुडघ्यांवर बसला आणि कडब्याच्या काड्या, खडे, शेणमाती चाचपू लागला. शरमेनं त्याला मान वर करवत नव्हती. आत्या दारातून म्हणाली, "कोंबडीनं बिंबडीनं नेला का काय?" तो चाचपतच राहिला.

शांतम्मा त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. चिंचोका इतका घट्ट धरला होता की तळहातावर त्याचा वळ उठला होता.

"तुला ठावं हुतं?"

"न्हाऊ घालताना करडगी उघडली गेली, तवा दिसलं. आज्जीला सबूद दिला हुता."

"मला तरी सांगायचं की."

"तुमी इचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं," शांतम्मा म्हणाली. "पन इचारायला पायजे हुतं."