नववी गुंज

मुलं नऊ होती आणि डबीत गुंजा आठच होत्या.

कश्मिराने डबी पुन्हा तळहातावर उपडी केली. आठच. जंगलाच्या फाटकापाशी ती गुडघ्यांवर बसली आणि पायऱ्या, पायऱ्यांखालचं गवत, सतरंजीच्या घड्या बोटांनी चाचपू लागली. तिसऱ्या खेपेला तर तिने एकेक पायरी हाताने झाडून काढली. गुंज नव्हती. बाकीचे स्वयंसेवक केव्हाच गेले होते. मुलंही आपापल्या घरी जेवायला बसली असतील.

सुखना तलावामागच्या या जंगलात त्यांचा गट तीन वर्षं दर रविवारी घाणेरी उपटत होता. घाणेरीने तिथे दुसरं काही म्हणून उगवू दिलं नव्हतं. यंदाच्या मार्चमध्ये पहिल्यांदाच त्या उतारावर निळी-पांढरी रानफुलं आली. ती दाखवायला आज मुलांना बोलावलं होतं. वाटेत गुंजेच्या वेलीवर तडकलेल्या शेंगा दिसल्या. कश्मिराने प्रत्येकाच्या हातावर एकेक बी ठेवली, लालभडक, एका टोकाला काळी. फाटकापाशी आल्यावर डबी फिरवून बिया परत घेतल्या. विषारी हा शब्द तिने मुद्दाम टाळला होता. मुलं उगाच घाबरली असती.

ती साताऱ्याची. मोहालीत, सेक्टर ६७ला औषधशास्त्र शिकत होती. गुंज अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, हे तिला ठाऊक होतं. चावली तर त्यावर उतारा नाही, हेही. आणि पहिले काही तास काहीच कळत नाही. मूल खेळतं, जेवतं, झोपतं.

विश्वनाथकाका शेडला कुलूप लावत होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते इथेच राहिले आणि हा गट त्यांनीच उभा केला. तिचं ऐकून ते म्हणाले, पडली असेल गवतात. घरोघरी फोन करून घबराट उडवलीस तर उद्या वनखातं परवानगी काढून घेईल, आणि दोन पावसाळ्यांत घाणेरी पुन्हा डोक्याएवढी वाढेल. यातलं काही खोटं नव्हतं. तरी कश्मिराने फोन केले. प्रत्येक घरी तेच सांगितलं, की एक बी हरवली आहे, मुलाने तोंडात घातली नाही ना, एवढं विचारा. विष हा शब्द इथेही तिच्या तोंडून निघाला नाही. आठ घरांतून उत्तर आलं, नाही. नववा फोन नुसताच वाजत राहिला. तो निधीच्या आईचा, सुरुचीताईंचा होता. निधी पाच वर्षांची होती.

कश्मिराने रिक्षा केली. निधीचं घर असलेल्या एअर फोर्सच्या क्वार्टर्सपर्यंतचा रस्ता रुंद आणि मोकळा होता, तरी तिला तो संपेना. निधीला आत्ता उलटी होत असेल का? की ती जेवून शांत झोपली असेल, आणि आई कौतुकाने म्हणत असेल, आज दमली पोर? दुसरी कल्पना जास्त भयंकर होती. मग तिला आपली डिग्री आठवली, पोलीस आठवले, साताऱ्याचे बाबा आठवले. अशा वेळी आपल्याला आपलंच सुचतंय, याची तिला लाज वाटली, आणि लाजेने भीती काही कमी झाली नाही.

फोन वाजला. विश्वनाथकाका होते.

"सापडली बरं का. अगदी पायरीपाशीच पडली होती. ये परत."

कश्मिराने फक्त "बरं" म्हटलं. आणखी काही विचारलं नाही. समोर चौक येत होता. तिने रिक्षावाल्याला हिंदीत सांगितलं, की पुढे जायचं नाही, चौकातून वळवा आणि मोहालीला चला.

रिक्षा चौकाला पूर्ण वळसा घालून उलट्या दिशेला लागली, तेवढ्यात सुरुचीताईंचा फोन आला.

"अगं, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तुझे एवढे मिस्ड कॉल! बरं, ही निधी केव्हाची मागे लागलीये, दीदीला काहीतरी विचारायचंय म्हणून. देते हं तिला."

मग एक बारीक, गंभीर आवाज.

"दीदी, वो बीज मेरे पेट में उगेगा क्या?"

कश्मिराने रिक्षा पुन्हा फिरवायला लावली. सुरुचीताईंना तिने फोनवरच सगळं सांगितलं. या वेळी विष हा शब्दही उच्चारला. पलीकडून फक्त दार आपटल्याचा आवाज आला.

इस्पितळात डॉक्टरांनी निधीला विष शोषणारी औषधी कोळशाची पूड कालवून पाजली आणि सारखं एकच विचारत राहिले, चावलीस की गिळलीस. निधी आधी म्हणाली, कडक होती म्हणून गिळली. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, थोडी चावली असेल. त्यानंतर कुणाला घास गेला नाही. निधीने कूस बदलली तरी दोघी उठून उभ्या राहत. सुरुचीताई कश्मिराशी बोलत नव्हत्या, पण तिला जा असंही म्हणत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुंज बाहेर पडली. अख्खी, साधा चराही न गेलेली. रक्ताचे रिपोर्टही चांगले आले.

विश्वनाथकाका तिन्ही दिवस येत होते आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकालाच थांबत होते. त्या सकाळी ते जवळ आले. आत सुरुचीताई निधीची वेणी घालत होत्या.

"मला काही सापडलं नव्हतं, कश्मिरा," ते खाली बघत म्हणाले. "मी खोटं बोललो. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्यामुळे. सुरुचीला मी तसंच सांगणार आहे. तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

ते दाराकडे वळले. कश्मिराने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"मला फोनवरच कळलं होतं, काका," ती म्हणाली. "पायऱ्या मी आधीच हाताने झाडून काढल्या होत्या. तरी मी रिक्षा मोहालीकडे वळवली."