परत आलेला नारळ

नारळी पौर्णिमेला दर्याला वाहिलेला नारळ तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा चांगुणाने कपाळावर हात मारला. नारळाच्या सोनेरी कागदाचा पार लगदा झाला होता. लाटांतून सरपटत वर आलेलं यंत्रकासव नारळ तिच्या पायाशी ठेवून गोड आवाजात म्हणालं, "आपली वस्तू समुद्रात पडली होती. कृपया सांभाळा."

"पडली नव्हती रे मेल्या, वाहिली होती!"

ही कचरा वेचणारी कासवं आल्यापासून दर्या आरशासारखा स्वच्छ झाला, हे खरं. पण टाकलेलं कुठलं आणि वाहिलेलं कुठलं, हे त्यांना कोण शिकवणार? दर्याने नारळ घेतल्याशिवाय कोळीवाड्यातली एकही होडी पाण्यात जात नाही. पताका लावलेल्या होड्या वाळूत खोळंबल्या होत्या.

"वैनी, जरा लांब भिरकावून बघा," धाकटा दीर जनार्दन म्हणाला.

"तुम्हीच भिरकावा भावजी! माझा खांदा निखळायची वेळ आली." मग ती कासवावरच उलटली. "सगळंच परत आणतोस ना? मग गेल्या वादळात या दर्याने माझा हरेश नेला, माझा एकुलता लेक. तो आण आधी! मग घेते तुझा नारळ."

कासवाचा हिरवा दिवा लुकलुकला. "शोध सुरू करत आहे. कृपया वर्णन सांगा."

किनाऱ्यावरचा ढोल थांबला.  चांगुणा ओल्या वाळूत हळूच खाली बसली.

"फार उंच नव्हता," ती म्हणाली. "उजव्या कानात सोन्याची बाळी होती."